बीळ रिकामं आहे, मी म्हणालो

रत्नागिरीला निघताना बायकोला सांगितलं, "खवले मांजर पाहिल्याशिवाय परत येणार नाही." ती म्हणाली, "मग घराची किल्ली ठेवून जा."

उतरल्यावर मिरकरवाड्याच्या बंदरावर ऐटीत बांगडे घेतले. मुक्काम मित्राच्या काका-काकींकडे. काकीने पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्ये मांजराला घाला." दुपारी मुकाट्याने कुळथाची पिठी (पातळ कालवण) जेवलो.

काकांच्या काजूच्या बागेत गडगा (दगडांचं कुंपण) पुरा व्हायचा होता. नेमकं त्याच्या वाटेत एक बीळ.

"पावण्यानू, तुम्ही जाणकार," काका म्हणाले. "आत कोन हाय काय? आसंल तर गडगा वळवू."

प्रवासभर मोबाइलवर वाचून मी जाणकार झालो होतो. पालथा पडून उजेड टाकला. हातभर आत बीळ वळलेलं, पुढे काळोख. तोंडाशी ताजी माती नव्हती.

"रिकामं आहे. फार तर बेडूक असेल."

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण मी समजावू लागलो. खवले मांजर आणि बेडूक, दोघंही जमिनीत राहतात, दोघंही वाळवी खातात. मांजर पुढच्या नख्यांनी डोकं घालून उकरतं, बेडूक मागच्या पायांनी उलटा खाली जातो. घाबरलं की ते गुंडाळी करतं, हा फुगतो. "म्हणजे दोघंही चेंडू!"

काकी आणि गडी जमले. काकांनी बिळाच्या तोंडाशी नारळ फोडून गाऱ्हाणं (देवाला विनवणी) घातलं, "बा म्हाराजा, जो कोन आत वस्तीला आसंल त्येची राखन कर."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

नारळाचं पाणी मुरेपर्यंत दगड लावायचा नाही, ही या घरची रीत. काका दगड उचलून थांबलेले. दिवेलागण होत आली.

"काका, लावा ना! उजेड जातोय."

"पानी मुरूंदे."

ओली माती हलली. गोल, टम्म फुगलेला बेडूक वर आला. "सांगितलं नव्हतं?" मी ओरडलो आणि फोटोसाठी वाकलो.

बिळातून एक निमुळतं तोंड बाहेर आलं. मग खवले. शेपटीवर काहीतरी चिकटलेलं होतं. पिल्लू! आम्हाला पाहताच आईने ते पोटाशी ओढलं आणि स्वतःची गुंडाळी केली. गुडघे छातीशी घेऊन मी चिखलात बसलो. फोटो राहिलाच.

काकांनी हातातला दगड अगदी हळू, लांब नेऊन ठेवला. सगळे मागे सरलो. बऱ्याच वेळाने ती उलगडली आणि पिल्लू घेऊन पुन्हा आत गेली.

"गडगा वळवा," काका एवढंच बोलले.

रात्री वाढताना काकी मात्र म्हणाली, "दोन चेंडू कळले. तिसरा कोन व्हता?"

परतीच्या वाटेवर समुद्र होता म्हणे. मला काकांच्या हातातला दगड दिसत होता.

बायकोने दार उघडलं. "दिसलं का? कसं राहतं ते बिळात?"

तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. "सांगतो," म्हटलं. "आधी जरा पाणी मुरू दे."