सरांनी न खाल्लेली मोहरीची भाजी

आमच्या खालच्या बांधीतला धान तीन वर्षं पिवळा पडत होता. बांधी, म्हणजे भाताचं खाचर, नाल्याला लागून होती. पावसाळ्यात नाला फुगला की डोंगरापलीकडच्या एका खाणीचं पाणी आत शिरायचं आणि ओसरताना राखेसारखा गाळ ठेवून जायचं. लोंब्या यायच्या, पण निम्म्या पोचट. ज्या भरायच्या त्यांचा भात खावा की खाऊ नये, हे कोणी सांगत नव्हतं. वरची बांधी लहान. तिच्या तांदळावर आमचं घर जेमतेम होळीपर्यंत चालायचं. त्यामुळे बाबांचा प्रश्न एकच होता : खालच्या बांधीत खायच्या लायकीचा धान पुन्हा कधी पिकेल? तो त्यांनी माझ्यावर सोपवला, कारण घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

मी उत्तर म्हणून एक सर घरी आणले.

हे सर आमच्या कॉलेजचे नव्हते. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेचे शास्त्रज्ञ होते आणि मातीतले जड धातू झाडांकरवी काढण्याचा प्रयोग करायला त्यांना जमीन हवी होती. मी आमची दाखवली आणि त्यांचा मदतनीस झालो. मातीचे नमुने पिशव्यांत भरायचे, चिठ्ठ्या लावायच्या, वाफ्यांना नंबर द्यायचे. मी हे सगळं पूजेसारखं करायचो. सर बांधावर उभे राहायचे. त्या पूर्ण हंगामात ते बांधीत एकदाही उतरले नाहीत. बुटांना चिखल लागला असता. ढेकूळ हातात घेतलं, फोटो निघाला, की ढेकूळ खाली आणि रुमाल बाहेर.

प्रयोग मात्र खोटा नव्हता, हे मला आजही वाटतं. धान निघाल्यावर बांधीत मोहरी पेरायची. मोहरीची मुळं मातीतला धातू ओढतात आणि पानांत, देठांत साठवतात. मग झाडं मुळासकट उपटून दूर न्यायची. पुन्हा पेरायची, पुन्हा उपटायची. असं एका वर्षात होत नाही, कित्येक वर्षं करावं लागतं. हे सगळं मी सरांच्याच पुस्तकात वाचलं होतं. पण गावात बोलताना सर म्हणायचे, “मिट्टी बीमार है, सरसों इसकी दवा है।” लोकांना ते पटलं. आमच्याकडे जे झाड दवा असतं ते खाल्लं तर माणसाचंही भलंच होतं.

घरी मी सांगितलं होतं, “ही मोहरी आता खायची नाही.” यात जहर साठतं, असं सरळ म्हणायला हवं होतं. पण सरांनी बजावलं होतं की लोकांना घाबरवू नकोस, आणि मी त्यांचं ऐकणारा मुलगा होतो.

माघात भोपाळहून, प्रयोगाला पैसा देणाऱ्या खात्याचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. त्याआधी आठ दिवस सर गावात आले आणि चावडीवर जाहीर करून गेले की जमीन शुद्ध झाली, यंदा खुशाल धान लावा. मातीचा रिपोर्ट अजून आलाच नव्हता. नमुने मीच पाठवले होते, म्हणून मला माहीत होतं. मी सरांना हळूच विचारलं, तर म्हणाले, “रिपोर्ट आ जाएगी, पहले साहब आ जाएँ।” मी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेची मला सरांच्या भाषणापेक्षा जास्त लाज वाटते.

पाहणीच्या दिवशी बांधाशेजारी शामियाना लागला. सर अर्धा तास बोलले. धरतीमाता तीनदा आली, धातूचं नाव एकदाही आलं नाही. मग पंगत. पळसाच्या पत्रावळींवर भात, वरण, वडे आणि हिरवीगार मोहरीची भाजी. लसणाची फोडणी दिलेली.

मी मायजवळ धावलो. “माय, ही भाजी कुठची?”

“आपल्याच बांधीची. मंग का पावन्याले बजारची चारू? वावरात भाजी असून?”

“मी नाही म्हटलं होतं ना!”

“तवा म्हनलं होतं. आता तुहे सरच बोलले न, सुद्द झाली म्हून.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. शेतात उभं पीक असताना पाहुण्याला विकतचं वाढणं आमच्याकडे कमीपणाचं. तिने पहाटेपासून कोवळी पानं खुडली होती.

बाबा भाजीची बादली घेऊन वाढत होते. साहेबांनी दोनदा घेतली. सरांनी आपली भाजी वड्याखाली सरकवली होती. बाबांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“सर, भाजी लो ना थोडी.”

“नहीं नहीं, आज पेट ठीक नहीं है।”

“सात वडे तो गए पेट में,” बाबा म्हणाले. पंगत हसली, सरही हसले. बाबा हसले नाहीत. ते बादली धरून माझ्याकडे पाहत राहिले. “काहून रे बापू, तुहे सर भाजी काहून नाही खात?”

तेवढ्यात साहेबांनी पत्रावळ पुढे केली. “बहुत बढ़िया है, और डालिए।”

मी बोललो. “साहब, मत खाइए। मिट्टी में जो था, वो अब पत्तों में है।”

साहेबांचा घास हातातच राहिला. “पर इन्होंने तो अभी कहा कि जमीन साफ है?”

“साफ है सर,” सर घाईने म्हणाले. “पत्तों में चला गया, तभी तो साफ हुई!”

मोठ्या विद्वानाच्या तोंडून इतकं निर्लज्ज वाक्य मी पुढेही फार ऐकलं नाही. साहेब उठले, चूळ भरली, रांगेत उभं राहून फोटो काढला आणि जीपमध्ये बसले. एका घासाने काही होत नाही, असं सरांनी त्यांना समजावलं. पाहणीत प्रयोग यशस्वी ठरला. साहेबांनी भाजी खाल्ली, हाच बहुधा पुरावा धरला असेल.

माय चुलीपाशी बसून होती. “मी लोकाइले जहर चारलं का रे?” तिने विचारलं. तिची समजूत काढायला सर थांबले नाहीत.

बाबांनी विचारलं, “मंग किती वर्स लागतीन?”

“माहीत नाही बाबा. दहा. जास्तही लागतील.”

“हौ. हे आंधीच सांगतलं असतं त मी का तुले मारलं असतं?”

त्या वर्षी खालच्या बांधीत धान लावला नाही. मोहरी मात्र उपटायचीच होती, आणि ती दूर कुठे न्यायची हे सरांनी सांगितलं नव्हतं. मी सायकलने बालाघाटला त्यांच्या मुक्कामावर जाऊन त्यांना गाठलं. ते म्हणाले, “घूरे में डाल दो, खाद बन जाएगी।” म्हणजे उकिरड्यातल्या शेणखताबरोबर ती आमच्या वरच्या बांधीत, चांगल्या मातीत गेली असती. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणा सरांना “नाही” म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता निघालो.

जाळली तर धूर गावावर, नाल्यात टाकली तर खालच्या गावाच्या शेतात. शेवटी मी आणि बाबांनी त्याच बांधीच्या, नाल्यापासून लांबच्या कोपऱ्यात खोल खड्डा खणला, प्लास्टिकची ताडपत्री अंथरली आणि सगळी मोहरी पुरली. एका हंगामात जमिनीतून जे बाहेर काढलं, ते आम्ही दोन दिवसांत त्याच जमिनीत परत ठेवलं.