आमेन होईपर्यंत

उल्हासनगरच्या बाजारात बॅगांच्या दुकानावरून गेले की नव्या रेक्झिनचा वास येतो आणि ती दुपार आठवते. लेक कॅनडाला निघाली होती. खरवईच्या आमच्या घरात बॅगा दाराशी उभ्या होत्या, खाली गाडी आली होती. निघण्याआधी तिच्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना सुरू केली. आमेन होईपर्यंत आमच्याकडे कुणी जागचं हलत नाही. प्रवासासाठी मागून झालं, तिथल्या थंडीसाठी झालं, पायलटसाठी, शेजाऱ्यांसाठी, चर्चच्या गळक्या पत्र्यासाठीसुद्धा मागितलं. खरं मागायचं होतं ते एकच, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं. खाली ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. नुकतेच धुतलेले तिचे केस माझ्या हाताखाली ओले लागत होते. "मम्मी, आमेन म्हण ना, प्लीज! फ्लाइट जाईल," ती रडत म्हणाली. मी थांबलेच नाही. शेवटी तिच्या पप्पांनीच मोठ्याने "आमेन" म्हटलं, आणि माझ्या हाताखालून तिचं डोकं निघून गेलं. आता संध्याकाळच्या प्रार्थनेला मी आणि तिचे पप्पा, दोघंच बसतो. 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' या ओळीपाशी मी रोज गप्प होते. त्या एका आमेनची क्षमा मला अजून त्यांना करता आलेली नाही.