चारही तोंडं चालू

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कोंडीराम साळवे एखाद्या म्हशीच्या अंगाला हात लावायला लागला, की भोवतीची माणसं आपोआप गप्प व्हायची. धंद्याने तो दलाल, पण गिऱ्हाइकाच्या बाजूचा. पुणतांब्याचा बागायतदार असो नाहीतर शेवगावकडचा कोरडवाहू शेतकरी, म्हैस घ्यायची तर आधी कोंडीरामला गाठायचं, असा रिवाजच पडून गेला होता. तो दात बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा, जनावर चालवून पाहायचा आणि शेवटी उकिडवा बसून चारही सडांची एकेक धार तळहातावर घ्यायचा. मग उठून धोतराला हात पुसत म्हणायचा, "घ्या," नाहीतर "चला." तिसरा शब्द त्याच्याकडे नव्हता.

या पारखीचा त्याला गर्व होता आणि तो त्याने कधी झाकूनही ठेवला नाही. आक्काबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, बाजारातून वांगी आणली तरी हा पिशवीत हात घालून त्यातली दोन बाजूला काढणार. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेला, तेव्हा नवऱ्या मुलाला याने अंगणातून चालून दाखवायला लावलं होतं. आक्काबाईने परतीच्या वाटेवर त्याला असा फैलावर घेतला की एस.टी.तले लोक मागे वळून बघत होते. जावई मात्र चांगला निघाला. त्यामुळे त्या प्रकरणातून शहाणपण घ्यायचं ते राहूनच गेलं.

धाकटी प्रज्ञा बारावीनंतर नगरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिंगचं काम करायची. रोज एस.टी.ने जायची, दिवेलागणीला परत यायची. तिचं उतरलेलं तोंड बघून एक दिवस कोंडीराम म्हणाला, "लोकांच्या दुकानात डोळं फोडून घेन्यापरीस हितं स्टँडवर सोताचं टाक. म्या हाय मागं." बाजारात त्याच्या अशा एका शब्दावर माणसं कमरेचा पैशांचा कसा सोडत. पोरीने नोकरी सोडली. स्टँडजवळचा एक गाळा घेतला, एक जुना कॉम्प्युटर आणला, आणि बुद्धवंदना घेऊन टायपिंगचं सेंटर सुरू झालं.

सुरू झालं खरं, पण लग्नसराईत पत्रिका आणि एरवी अर्ज, यापलीकडे काम येईना. दुपारभर प्रज्ञा दारातून रस्त्याकडे बघत बसायची. कोंडीराम बाजाराच्या निमित्ताने चक्कर टाकायचा, तिला बघायचा आणि निघून जायचा. नगरची चालती नोकरी आपल्या शब्दावर सोडलेली पोर. तिचं काही वाईट झालं तर ते आपल्यामुळे, ही गोष्ट त्याला जेवताना आठवायची आणि तो हात धुऊन उठायचा.

सन नव्याण्णवच्या हिवाळ्यात एक संधी आली. जवळच्या ज्युनियर कॉलेजला सगळ्या मुलांची ओळखपत्रं करायची होती. नगरचा एक फोटोवाला मागे लागलेलाच होता, पण तो आज फोटो काढणार आणि महिन्याने कार्डं देणार. प्रज्ञाने कॉलेजच्या राधाकृष्ण सरांना सांगितलं, "सर, मुलगा खुर्चीवर बसेल, कॅमेऱ्यात फोटो येईल, त्याची सही स्कॅन होईल आणि तो उठायच्या आत कार्ड छापून हातात पडेल." सर म्हणाले, "बाजारच्या दिवशी येतो. करून दाखव."

कॅमेरा, स्कॅनर आणि प्रिंटर तिने मैत्रिणीच्या भावाकडून मागून आणले. अडचण एकच होती. तिन्ही यंत्रं यूएसबीच्या वायरीची, आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरला मागे दोन पोर्ट, त्यातला एक मेलेला. एकात तीन वायरी जाणार कशा? त्यासाठी हब मिळतो. एक वायर कॉम्प्युटरला लावायची, पलीकडे डबीला चार तोंडं. प्रज्ञाने नगरला जायची तयारी केली, तर कोंडीराम आडवा आला.

"तू नगं जाऊ. दुकानदार पोरीबाळींना गंडावत्यात. म्या आनतो."

"दादा, वेगळा अडॅप्टर असलेला आणा. ज्याला लाईटची स्वतःची पिन असते तो. साधा नको."

"कळलं."

नगरच्या दुकानदाराने दोन्ही प्रकार समोर ठेवले. अडॅप्टरवाला चांगला महाग होता. साधा अगदी स्वस्त, आणि दिसायला दोन्ही सारखेच. कोंडीरामला ते अडॅप्टरचं लोढणं पटेना. स्वतःच्या पायावर चालत नाही ते जनावर कशाला घ्यायचं, असा त्याचा हिशेब. त्याने दुकानदाराला साध्या हबच्या पहिल्या तोंडात माऊस लावायला सांगितला. दिवा लागला, पडद्यावर बाण हलला. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. चौथ्यात लावून झाल्यावर तो उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "द्या हाच." चारही तोंडं चालू. आणखी काय बघायचं असतं?

घरी प्रज्ञाने डबी उलटसुलट करून पाहिली. "अडॅप्टर?" तिने विचारलं. "लागत न्हाई. म्या चारीबी तोंडं बघून घेतलंय," तो म्हणाला. ती काहीतरी बोलणार होती, पण बापाचा चेहरा एवढा खूश होता की तिने ओठ मिटले. ते ओठ मिटणं त्याने पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लागला.

बाजारच्या दिवशी सर आले. कोंडीरामने आपण होऊन चारजण गोळा केले होते, त्यात पुणतांब्याचा रंगनाथ. त्याला त्या दिवशी कोंडीरामच्याच हाताने म्हैस घ्यायची होती. "माज्या पोरीचं यंत्र बघा," म्हणून सगळ्यांना दारात उभं केलं. एक मुलगा खुर्चीवर बसला. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि सगळे पुढे वाकले. मग प्रज्ञाने सहीचा कागद स्कॅनरमध्ये ठेवला. स्कॅनरचा दिवा सरकू लागला आणि पडद्यावरचा मुलगा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला. पडद्यावर बिघाडाची पाटी आली. तिने ती घालवली, वायर काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. एका वायरीतून येणारी वीज कॅमेरा आणि स्कॅनर दोघांना एकदम पुरत नव्हती.

"वायर बदलून बदलून करता येईल सर," ती म्हणाली. "आधी फोटो, मग सही."

"एवढ्या पोरांचं असं कधी व्हायचं?" सर घड्याळाकडे बघत म्हणाले. "झालंय काय पण?"

"हब चुकीचा आहे. अडॅप्टरवाला पाहिजे होता." तिने मान वर केली नाही. "माझी चूक झाली. मीच साधा आणला."

दारातले लोक हळहळले. एवढ्याशा पोरीला यातलं काय कळतंय, असं कोणीतरी म्हणालंही. कोंडीराम तिथेच उभा होता. रंगनाथ शेजारी होता, बाजार भरलेला होता, आणि सगळी हयात ज्याने "घ्या" आणि "चला" एवढंच म्हटलं, त्याच्या तोंडात "म्या आनला" हे तिसरं वाक्य बसेना. सर म्हणाले, "बघू मग, तो नगरवाला आहेच." आणि पायऱ्या उतरून गेले.

प्रज्ञा वायरी गुंडाळायला लागली. बापाकडे तिने बघितलं नाही. रागाने नव्हे. त्याला आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून. ते कोंडीरामला कळलं आणि मग त्याला तिथे उभं राहवेना.

सरांना त्याने बाजाराच्या फाटकाशी गाठलं. भोवती व्यापारी होते, जनावरं होती, ओळखीची पन्नास तोंडं होती. पाठोपाठ रंगनाथही आला होता.

"सर, थांबा. पोरगी खोटं बोलली."

सर थांबले. भोवतालचेही थांबले.

"तिनं मला बराबर सांगितलं हुतं कोनता आनायचा त्यो. म्याच ऐकलं न्हाई. म्याच पारखून आनला. एकेक तोंड बघितलं, पर समदी एकदम लावून बघितली न्हाईत. माजी पारख चुकली."

"मग ती तसं का म्हणाली?"

"माजी लाज राखली तिनं. ह्या बाजारात माज्यासंगं लई लोक खोटं बोलल्यात, सर. माज्यासाटी कुनी बोललं न्हवतं."

सरांनी थोडा वेळ चपलेने माती उकरली. मग म्हणाले, "पुढच्या बाजारी येतो. तोवर नगरवाल्याला हो म्हणत नाही."

प्रज्ञाला हे कळायला वेळ लागला नाही, बाजारात काय लपतं? ती चिडली. "दादा, कशाला सांगितलंत? माझं काम गेलं तर दुसरं आलं असतं. तुमच्याकडे आता कोण येईल?" आणि ती काही अगदीच चूक नव्हती. त्या दिवशी रंगनाथने म्हैस घेतली ती दुसऱ्या दलालाच्या हाताने. कोंडीरामसमोरूनच दावं धरून घेऊन गेला. जाताना त्याने रामराम घातला, पण थांबला नाही. पुढच्या कित्येक बाजारांत लोक कोंडीरामचं "घ्या" ऐकल्यावर आणखी एखाद्याला विचारायला लागले. त्याला ते लागायचं. लागत नाही असं त्याने कधी सोंग केलं नाही.

कॉलेजचं काम पुढे मिळालं, सेंटरही चाललं. पण त्याआधी तो हब बदलून आणायचा होता. नगरला दोघं मिळून गेले. दुकानाच्या पायरीपाशी प्रज्ञा थांबली. तो नेहमीसारखा पुढे होईल आणि आपण मागून जाऊ, म्हणून तिने वाट दिली.

"जा," कोंडीराम म्हणाला. "तू बघ, तूच घे. म्या हितं हुबा ऱ्हातो."

"दादा, चला ना आत."

"न्हाई. जा तू."

काचेतून त्याला ती दिसत होती. तिने सोबत आणलेला कॅमेरा लावला, स्कॅनर लावला, दुकानदाराला त्याचा प्रिंटर लावायला लावलं, आणि सगळी यंत्रं एकदम चालू करून किती तरी वेळ नुसती बघत बसली. दुकानदार चुळबुळत होता. ती उठली नाही. कोंडीरामला दोनदा वाटलं, आत जावं, काहीतरी विचारावं. दोन्ही वेळा त्याने पाय आवरला.

ती खोका घेऊन बाहेर आली. त्याने तो उघडून पाहिला नाही, केवढ्याला पडला ते विचारलं नाही. तिच्या खांद्यावरची कॅमेरा-स्कॅनरची पिशवी तेवढी काढून आपल्या खांद्याला लावली आणि तिच्या मागून स्टँडकडे चालू लागला.