वयनींचा पहिला घोट

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं देवबाग गाव वयनी, म्हणजे वहिनी, म्हणे. दिवस मावळायच्या आत घरातलं उरलंसुरलं अन्न त्या खाडीत नेऊन टाकत. भात असो, कढी असो, सकाळपर्यंत काही राहू द्यायचं नाही. मग रिकामी मडकीसुद्धा नाकाशी धरून वास घेत.

लग्न होऊन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आंबोळ्यांसाठी रात्री पीठ भिजवून ठेवलं. सकाळी ते फुगून वर आलं. वयनींनी झाकण उचललं आणि भिंतीपर्यंत मागे सरकल्या.

"ह्या जिता झाला गो," त्या हळूच म्हणाल्या. "जिता काय पोटात घालूचा नाय." ते जिवंत झालेलं पीठ त्यांनी तसंच खाडीत नेऊन टाकलं.

कारण पुढे माझ्या नवऱ्याने सांगितलं. गावात पटकीची साथ आली होती, तेव्हा वयनींनी आपल्या लहान मुलीला सकाळी रात्रभर आंबवलेली नाचणीची आंबील पाजली. दिवस मावळायच्या आत पोर गेली. त्या मुलीचं नाव घरात कोणी काढत नसे.

साठ सालानंतरची गोष्ट. नवरा बोटीवर होता आणि मला विषमज्वर झाला. मालवणचे डॉक्टर होडीने येत. त्यांच्या कॅप्सुलांनी ताप उतरला, पण जुलाब थांबेनात. पोटात पेजही ठरेना. आरशात स्वतःचे डोळे पाहून मीच दचकले. वयनी माझ्या उशाशी बसून नुसती माझी बोटं चाचपत.

डॉक्टर म्हणाले, "या औषधाने वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मरतात. ताकात ते असतात. नाचणीची आंबील करा, गार झाल्यावर वरून ताजं ताक घाला. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण देऊन पाहू. पाणी मात्र उकळलेलंच हवं."

वयनी उशापासून उठून उभ्या राहिल्या. "आंबील नको, डॉक्टर. माझा चेडू तेनाच गेला."

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. "आता खात्रीने सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण पटकी बहुतेक पाण्यातून येते."

वयनींनी दारातून विहिरीकडे बघितलं. म्हणाल्या, "पाणी पण मीच काढलेलंय."



दुसऱ्या दिवशी सकाळी वयनींनी आंबील शिजवली. वाटी घेऊन आल्या, पण मला दिली नाही. डोळे मिटून पहिला घोट स्वतः घेतला आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या.

"माका काय झाला नाय, तर दुपारी तुका देतंय."

"वयनी, तुम्हांला भीती वाटत नाही?"

"वाटता गो. पण तुका काय झाला, तर भावजींका मी काय सांगू?"

त्या पोटावर हात ठेवून बसलेल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत पडलेली. त्या जरा हलल्या तरी मी उशीवरून मान उचलून बघे. दुपारी त्यांनी मला दोन चमचे दिले. पुढे रोज असंच चाललं. मी हळूहळू सावरले. आंबिलीने की आपोआप, ते डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

वयनींचं भय मात्र गेलं नाही. शेवटच्या आजारापर्यंत घरात कोणी आंबवलेलं काही खाल्लं, की त्या दिवसभर त्याच्या मागे मागे राहत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी पहिल्यांदा उठून ओसरीवर बसले, तो दिवस डोळ्यांसमोर आहे. वयनींनी आंबिलीच्या दोन वाट्या आणल्या. एक मला दिली, दुसरी घेऊन शेजारी बसल्या.

"तिका गूळ घातलेलीच लागायची," त्या एकाएकी म्हणाल्या. "मिठाची दिली, तर तोंड फिरवी."

मी भीत भीतच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"शेवंती," वयनी म्हणाल्या, आणि वाटी तोंडाला लावली.