टायरच्या खाचा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आणि पहिली गाडीही माझीच, जुनी विकत घेतलेली. दुसऱ्या दिवशी आईला पावसातला घाट दाखवायचा, म्हणून टायर हौसेने काळ्या पॉलिशने चमकवले, अगदी खाचांसकट. हवा भरायला गेलो तर टायरवाले बाबूमामा ओरडले, "अहो पदवीधर, बुटाच्या तळव्याला पॉलिश लावता का? घसराल की!"

त्यांनी मला साबणाने टायर घासायला लावले. रबर रस्ता धरतं, एवढंच मला ठाऊक. मामा म्हणाले, "खाचांतून पाण्याला वाट मिळाली, तरच धरतं." म्हणजे पकड त्या रिकाम्या जागेमुळे! कॉलेजात घर्षणाची सूत्रं पाठ केली, पण टायरवरून बोट कधी फिरवलं नव्हतं. आता फिरवलं, तर मागच्या एका टायरवर खाच लागेचना; पार गुळगुळीत. मी आईला फोन लावला, "उद्या नको, आई. नवा टायर टाकून परवा जाऊ."