सगळ्या प्रश्नांना ‘नाही’

शोभाचा फोन आला तेव्हा मी इथं सिंगापूरला, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे काढत होते. “वन्सं, हे गेले,” एवढंच ती बोलली. फोन ठेवला, पडदे काढले, धुतले आणि ओलेच परत लावले. त्याला आता पाच आठवडे झाले. माझं अजून तेच चाललंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. हे लिहायलासुद्धा तिसऱ्यांदा बसते आहे…

मोहन, शोभाचा नवरा, माझा मावसभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गुहागरकडचा, मालवाहू बोटींवर सेकंड इंजिनिअर. बोट सिंगापूरला लागली की कपड्यांची पिशवी घेऊन थेट आमच्याकडे यायचा आणि चहा व्हायच्या आत माझं काहीतरी उघडून बसायचा. धडधाकट चालणारा पंखा त्यानं ‘जरा ऑइलिंग करतो’ म्हणून कायमचा बंद पाडला होता. हसायचा भरपूर, भडकायचा त्याहून लवकर.

छत्तिशीत त्याला शुगर निघाली. कंपनीला नाही सांगितलं. “एकदा कागदावर लागली ना ताई, की मला घरी बसवतील,” म्हणाला. प्रत्येक नव्या कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकल असायचं. आठ दिवस आधी तो भात सोडायचा, आमच्या ब्लॉकला फेऱ्या मारायचा, सकाळी कारल्याचा रस प्यायचा आणि डॉक्टरच्या फॉर्मवर सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ लिहून यायचा. बोटीवरचे निम्मे लोक हेच करतात, असं त्याचं म्हणणं. तो रस मी गाळून द्यायचे. पास होऊन आला की आम्ही सगळे आइसक्रीम खायचो. तोसुद्धा.

मग ते भांडण झालं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, एका माणसानं मोहनच्या बोटीवरच्या खलाशाला शिवी दिली, ह्यानं त्या माणसाला ढकललं, तो टेबलाच्या कडेवर आपटला, डोक्याला टाके पडले. मोहनला चार महिन्यांची शिक्षा झाली. इथं त्याचं रक्ताचं माणूस मी एकटी, म्हणून भेटीला मीच जायचे. काचेपलीकडे तो, अलीकडे मी, दोघांच्या हातात टेलिफोन. पहिल्याच भेटीत मी विचारलं, “गोळ्या देतात ना वेळेवर?”

“कसल्या गोळ्या?” तो म्हणाला. “आत घेताना विचारलं त्यांनी. शुगर, बीपी, दमा. मी सगळ्याला ‘नो’ म्हटलं.”

मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. सांगितलं तर रेकॉर्ड कंपनीकडे जाईल, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. बाहेर पडल्यावर चीफ इंजिनिअर करू, असा कंपनीतल्या एका साहेबानं निरोप धाडला होता, त्यावर तो जगत होता. शिवाय दुसरी भीती, फीची. इथल्या डॉक्टरांची बिलं त्याला ठाऊक होती. तुरुंगातलं बिल शोभाच्या नावानं गावी जाईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी निघताना कोणाचंही नाव न घेता काउंटरवर विचारलं. गोळ्या आणून दिल्या तर चालतील का? तिथल्या मलय अधिकाऱ्यानं शांतपणे सांगितलं की बाहेरची औषधं घेत नाहीत. कैद्यानं आजार सांगायचा, आतला डॉक्टर तपासतो, औषध तोच देतो. आणि फी? “नो नीड पे, मॅडम. इनसाइड, गव्हर्नमेंट लुक आफ्टर.” एवढं साधं होतं. मी तेव्हाच ‘माझा भाऊ’ असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

पंधरा दिवसांनी तो लंगडत आला. गाल बसले होते, ओठ कोरडे. बुटानं घासलंय, म्हणाला. मी फीचं सांगितलं, ओरडून सांगितलं. “आज मी तुझं नाव देणार,” असंही म्हटलं.

“तू सांगितलंस तर माझा समुद्र गेला, ताई,” तो म्हणाला. “अडीच महिने तर राहिलेत. आईची शपथ आहे तुला.”

माझ्या पर्समध्ये चिठ्ठी लिहून तयार होती. त्याचं नाव, कैदी नंबर, गोळ्यांची नावं. बाहेर बसस्टॉपवर मी उभी राहिले, परत गेटपर्यंत गेले, परत स्टॉपवर आले. तीन बस सोडल्या. चौथीत चढले. चिठ्ठी घेऊनच.

आठव्या दिवशी तुरुंगातून फोन आला. पाय चिघळला होता, त्याला हॉस्पिटलमध्ये हलवून दोन बोटं काढावी लागली होती. मी गेले. आतल्या डॉक्टरांनी खुर्ची दिली. बिल कुठं भरायचं, हे मी आधी विचारलं. तुमच्याकडे काही मागायचं नाही, असं ते म्हणाले आणि मग त्यांनी विचारलं, डायबेटिसचं तुम्हाला कधी कळलं?

“आजच,” मी म्हटलं.

राहिलेले दिवस त्याला वेळेवर इन्सुलिन मिळालं, ड्रेसिंग झालं. भेटीत तो माझ्याशी जेवणाखाण्याचं बोलायचा. बोटं नसलेला पाय कुठल्याच मेडिकलला लपणार नव्हता. सुटल्यावर तो गावी गेला. तिथं मात्र जखमेच्या प्रत्येक पट्टीला पैसे पडू लागले, म्हणून तो पट्टी बदलणं लांबवू लागला. मग किडनी… शोभा पत्रातून कळवायची. मी उत्तरात हवापाणी लिहायचे. त्यानं मला कधी दोष दिला नाही, ह्याचा मला अजून राग येतो. दिला असता तर मी भांडले तरी असते.

गेल्या आठवड्यात माझंच चेकअप होतं, पॉलिक्लिनिकमध्ये. काउंटरवरची चिनी मुलगी फॉर्म वाचत प्रश्न विचारत होती. घरात कोणाला डायबेटिस? “नो,” माझ्या तोंडून पटकन गेलं. तिनं खूण केली, पुढचा प्रश्न सुरू केला. मी तिला थांबवलं. म्हटलं, “यस. ब्रदर.”

“ओके लाह, आंटी, नेव्हर माइंड.” तिनं खोडून दुसरी खूण केली. “ही टेक मेडिसिन रेग्युलरली?”

“नाही घेत होता,” मी मराठीतच म्हणाले. तिनं मान वर केली, तेव्हा इंग्रजीत सांगितलं. घेत नव्हता, आणि मला ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिनं फॉर्मकडे पाहिलं. हे कुठं लिहायचं, तिला कळेना. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि मला बसायला सांगितलं. मी बसले.