संगमावरनं परत आलेलं मुंडकं

अगं सुमन, धाकटी जाऊ म्हणून तुझं लई ऐकून घेतलं. आता जरा जवळ सरकून बस आणि माझं ऐक. कोऱ्हाळ्यात तू सांगत फिरतीस म्हणं, "आक्काच्या सुनंनं घरात करणी आणली." बाई गं, असं बोलावं का? त्यातलं निम्मं मीच तुला फोनवर सांगितलेलं, ती गोष्ट येगळी. पण उरलेलं निम्मं तू लावलंस.

गाव सोडलं तो दिवस तुझ्या ध्यानात असंल. तुझे थोरले भावजी जाऊन वरीस झालं, तसा माझा संतोष टेंपो घेऊनच दारात आला. "आई, आता हितं एकटी ऱ्हायची न्हाईस." टेंपोत मी घातली एक ट्रंक आणि माझं सूप. तू कालव्याच्या पुलापर्यंत चालत आलीस आणि कानात म्हणालीस, "आक्का, बिल्डिंगीत बंद दारामागं काय चालतं ते कळत न्हाय. ध्यान ठेव." झालं. मी इंदापूरला पोचले ती ध्यान ठेवतच.

तितं आपलं दार कधी बंद असायचं? समदी उसात गेली तरच, ते बी नुसती कडी अडकवून. हितं लोखंडी जाळी, तिच्यामागं दार, दाराला बघायला भोक. संतोष मालट्रक घेऊन हायवेला. आणि रविवारी जेवणं झाली की माझी सून प्रियांका आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. आत नुसतं कट, कट, मग खरवडल्याचा आवाज. पार्सल आलं की माझ्याआधी दाराशी. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय आत्या, टाइमपास हाय." सुमन, काय न्हाय म्हणणाऱ्या माणसाकडं काय ना काय असतंच.

एक दिवस ती कामाला गेल्यावर मी खोलीत शिरले. टेबलावर खोकं. झाकण काढलं. आत माणसाचे तुकडे. बोटाएवढे हात, पाय, छाती. काही सुटे पुडीत, काही प्लॅस्टिकच्या जाळीला लटकलेले, एकेकाला नंबर. शेजारी बारकी सुरी. आणि एका डबीत नुसतं मुंडकं, निळ्या डोळ्यांचं. प्लॅस्टिकचं हाय हे मला कळत होतं गं. पण करणीची बाहुली तरी कुठं हाडामांसाची असती? कणकेचीच असती की.

तुला फोन लावला. तू म्हणालीस, "मुंडकं न्हेऊन संगमावर सोड, बाकीचं आपसूक थंड पडंल." ते रुमालात बांधून मी कनवटीला खोचलं. दुसऱ्या दिवशी सुनंला म्हणलं, नरसिंहपूरला दर्शनाला जाऊन येते. त्याच्याआधी पिशवी भरून ट्रंकेपाशी ठेवली. ठरवलंच होतं, परत आले की पिशवी उचलायची आणि कोऱ्हाळ्याची वाट धरायची. असल्या घरात ऱ्हायचं न्हाय.

भीमा आणि नीरा मिळत्यात तितं पायरीवर बसले. रुमाल सोडला. टाकायच्या आधी नख फिरवलं, जुनी सवय. माझी आई बेंदराला मातीचे बैल करायची, वाळले की ओल्या फडक्यानं घासायची आणि आमाला नख फिरवाय लावायची. म्हणायची, "नख अडलं तर समजा, हात घाईत होता." मी त्या मुंडक्याच्या मानंवर, गालावर, कानामागं नख फिरवलं. जाळीवरनं तोडल्याची खूण कुठंतरी हवीच. कुठंच अडंना. डोळ्याभोवती काळी रेघ, केसाएवढी, हातानं ओढलेली. मी तितंच बसून ऱ्हायले. करणी करणारं माणूस कानामागं कशाला घासत बसंल?

परत आले तर प्रियांका टॉर्च घेऊन पलंगाखाली, केसाला कोळिष्टकं.

"काय हरवलं गं?"

"बारकं काहीतरी हाय आत्या. माझ्याच हातनं कुठंतरी पडलं असंल."

माझ्याच हातनं म्हणाली. घरात आमी दोघीच, तरी तिच्या मनात माझं नाव आलं न्हाय. मी रुमाल तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, संगमासकट. ती मुंडक्याकडं बघंना, माझ्या भरलेल्या पिशवीकडं बघाय लागली.

"तुमी निघाला होता?"

"व्हय."

"न सांगता?"

"तू बी दार लावून घेतीस, न सांगताच की."

केसातलं कोळिष्टक काढत म्हणाली, "एवढी मोठी बाई खेळणी जोडत बसती म्हणून तुमी हसाल, असं वाटायचं."

"हसले असते," मी म्हणलं. "भ्याले तरी नसते."

आता रविवारी दार उघडं असतं. ते तुकडे मी माझ्या सुपात घेते आणि तांदळातलं खडं निवडावं तसं निवडते. ती नंबर सांगती, मी हुडकून देते. माणूस उभा झाला, तसा तिनं त्याचे पाय मागं दुमडले, छाती पालथी केली, मुंडकं आत दडपलं, आणि झाला त्याचाच मालट्रक. रंग कुठला दिलाय, सांगू? संतोषच्या गाडीचा. तो महिन्यातनं आठ दिस घरी असतो, आणि ही पोरगी बंद दारामागं त्याचीच गाडी जोडत बसलेली.

मला ते सोंग अजून पुरतं पटलेलं न्हाय, खोटं कशाला बोलू. माणूस असला तर दिवेलागणीला त्याचं तोंड भिंतीकडं करते. ट्रक असला तर असू देते.

कोऱ्हाळं माझं घर हायच, ते कुठं जातंय. पण परवा बाजारातनं येताना पाय दुखाय लागले, तशी मी प्रियांकाला म्हणलं, "चल बाई, घरी जाऊ." जिना चढताना ध्यानात आलं काय बोलले ते. पिशवी त्याच दिवशी रिकामी केली.

तुझ्या मनातलं निम्मं अजून शिल्लक असंल, मी ओळखते तुला. ते तितं बसून जायचं न्हाय. ऊस तुटायच्या आत एकदा येऊन जा, पोचलीस की फोन कर, मी स्टँडवर येते. आणि येताना नखं तेवढी कापू नकोस.